छोट्या शेतीवाल्यांचा गट: बैठका सोडून नेमकं काय काय करता?

नवखाचर (भोर)

नमस्कार मंडळी,

भोरच्या पश्चिमेला, भाटघर धरणाच्या मागे वेळवंड खोऱ्यात आमची वडिलोपार्जित ३० गुंठे जमीन आहे. मी नोकरीला पुण्यात, शनिवार-रविवार गावी. आसपास माझ्यासारखे दहा-बारा जण आहेत. कुणाची वाटणीत आलेली अर्धा एकर, कुणी निवृत्तीनंतर गावी परतलेले, दोन घरं तर कायम तिथेच राहून भात करणारी. दिवाळीत आम्ही सगळ्यांनी मिळून गट करायचं ठरवलं. उत्साह खूप होता. एक बैठक झाली, मग सेंद्रिय शेतीवर एका तज्ज्ञांचं व्याख्यान ठेवलं, मग पुन्हा बैठक. मार्चच्या बैठकीला चारच माणसं आली.

व्हॉट्सअॅपवर सगळे बोलतात, पण प्रत्यक्ष काही घडत नाही. ज्यांचे असे गट चालू आहेत त्यांना विचारायचं आहे की वर्षभरात तुम्ही नेमके कोणते उपक्रम घेता? नोंदणी करावी का? वर्गणी किती? आणि आता पावसाळ्याच्या तोंडावर लगेच काय हाती घेता येईल? मनापासून विचारतो आहे, कारण हा गट विझला तर आमच्यापैकी निम्मे लोक जमिनी विकतील असं वाटतं.

---

वाफसा (दौंड)

भोरच्या तालुका कृषी कार्यालयात जाऊन 'आत्मा'च्या, म्हणजे सरकारच्या कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणेच्या, तालुका तंत्रज्ञान व्यवस्थापकांना भेटा. गट म्हणून नोंद झाली की खरिपाच्या शेतीशाळेत तुमचं खाचर घेता येतं का ते विचारा. शेतीशाळा म्हणजे व्याख्यान नव्हे. पेरणीपासून काढणीपर्यंत ठरावीक दिवसांनी त्याच शेतात जमायचं, कीड-मित्रकीटक मोजायचे, निर्णय तिथेच घ्यायचा.

दुसरं, मे संपायच्या आत सगळ्यांचे मातीचे नमुने एकाच दिवशी घ्या. शेताचा समान तुकडा धरून नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा, १५ ते २० सेंमी खोल, कडेची माती वरपासून खालपर्यंत एकसारखी खरवडायची. सगळी एकत्र करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, असं अर्धा किलो उरेपर्यंत. बांधाजवळ, झाडाखाली, उकिरड्याच्या जागी नमुना घेऊ नका. एकट्याने प्रयोगशाळेपर्यंत जायचा कंटाळा येतो, दहा पिशव्या एकाने नेल्या की काम होतं.

---

मावळतीचं खाचर (मुळशी)

नवखाचर, तुमचं शेवटचं वाक्य वाचलं आणि सविस्तर लिहायला बसले. आमच्या कोळवण खोऱ्यातला गट सुरुवातीला अगदी तुमच्याच वळणाने चालला होता. मी निवृत्त शिक्षिका, शाळेत शास्त्र शिकवायचे. यांच्या वाटणीला आलेलं सव्वा एकर आम्ही दोघं करतो. निम्मं भाताचं खाचर, उरलेल्यात आंबा, थोडी हळद, परसात कोंबड्या.

माझं मत स्पष्ट सांगते. जे काम एकट्याने होतच नाही, त्याच कामावर गट टिकतो. व्याख्यान घरबसल्या मोबाइलवर ऐकता येतं, त्यासाठी कुणी चिखल तुडवत येत नाही. म्हणून आम्ही उपक्रम ठरवताना एकच प्रश्न विचारतो: हे मला एकटीला जमलं असतं का? जमलं असतं तर तो गटाचा उपक्रम नाही.

कोंबड्यांपासून सुरुवात करा असं मी आग्रहाने म्हणेन. खोऱ्यात मानमोडी, म्हणजे राणीखेत, आली की एका आठवड्यात खुराडी रिकामी होतात. लस आहे, ती महागही नाही. पण बाटली येते शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची. ती बर्फावर आणावी लागते आणि एकदा द्रावणात कालवली की साधारण दोन तासांत संपवावी लागते. माझ्याकडे वीस-बावीस पक्षी, शेजारच्या आजींकडे नऊ. एवढ्यासाठी कोण बाटली आणणार? म्हणून वर्षानुवर्षं कुणीच टोचत नव्हतं. आता आमच्या गटात खुडूक कोंबड्या एकाच आठवड्यात अंड्यांवर बसवायच्या असं ठरलेलं आहे. २१ दिवसांनी पिल्लं सगळीकडे एकदमच निघतात, त्यामुळे त्यांचं वयही एकच राहतं. पहिल्या आठवड्यात राणीखेतच्या लासोटा लशीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास पशुवैद्यकांना बोलावून त्याच रोगाची आर-टू-बी लस पंखाखाली टोचायची. हे पहाटे करतो, पक्षी खुराड्यातच असतात तेव्हा. एकदा सोडले की अख्खी सकाळ पाठलागात जाते. एक जण बर्फाचा डबा घेऊन पुढे, दोघं धरायला, एक वहीत लिहायला. वाडीतून वाडीत जात दोन तासांत सगळं आटोपतं. ज्या बाया बैठकीला कधी आल्या नसत्या, त्या या कामामुळे गटात आल्या, आणि आज गटाचा हिशेब त्यांच्यातल्याच एकीकडे आहे. शेळ्यांचंही तसंच आहे. पावसाआधी आंत्रविषाराची लस एकाच दिवशी सगळ्या शेळ्यांना.

आता तुमच्या पावसाळ्याच्या तोंडावरच्या प्रश्नाकडे येते. बियाण्याला मिठाचं पाणी देण्याचं काम रोहिणी संपायच्या आत एकत्र करा. दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवायचं, भात त्यात ओतायचं, ढवळून थांबायचं. पोकळ, रोगट दाणा वर तरंगतो. तो काढून कोंबड्यांना नका टाकू, नष्टच करा. तळाचं बी साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवायचं. काम सोपं आहे, घरी एकटी करायला गेले तर अर्ध्या तासाचं. तरी मी ते एकत्र करायला सांगते आहे, कारण त्या दिवशी प्रत्येक जण आपलं बी घेऊन येतो आणि कुणाकडे काय आहे ते समोर दिसतं. आमच्याकडे बहुतेकांची इंद्रायणी. ती १९८७ साली वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आली, आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून, आणि आमच्या भागात घरोघरी पोचली. पण मिठाच्या पाण्याच्या त्या दिवशीच कळलं की वरच्या वाडीतल्या एका घरात अजून जुना आंबेमोहर राखलेला आहे. उंच वाढतो, वाऱ्याने लोळतो, उतारा कमी, तरी त्या घराने सोडला नव्हता. २०१६ मध्ये मुळशी आंबेमोहरला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पुण्याच्या दुकानांत त्याची चर्चा झाली. बी मात्र अशा घरांनी सांभाळलं होतं. आता गटातली पाच-सहा घरं एकेक दोन-दोन गुंठे त्याचे करतात आणि काढणीआधी खाचरात फिरून वेगळ्या दिसणाऱ्या ओंब्या काढून टाकतात, म्हणजे बी शुद्ध राहतं.

लावणीला सावड. आज तुमच्या खाचरात, परवा माझ्या. पुण्याहून येणाऱ्यांना चिखलात वाकून रोप लावायचं जमत नाही हे खरं, पण लावणीत फक्त रोप लावणं नसतं. आवण, म्हणजे वाफ्यातली रोपं, उपटून, धुऊन जुड्या बांधायच्या असतात, त्या खाचरात फेकायच्या असतात, दोरी धरायची असते. आम्ही दर वर्षी एक खाचर चारसूत्री पद्धतीने लावतो आणि शेजारचं नेहमीसारखं. कृषिशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंतांची ही पद्धत भात करणाऱ्या बहुतेकांनी ऐकलेली असते, प्रत्यक्ष केलेली नसते. कारण तिला माणसं लागतात. भाताचा तूस-पेंढा जमिनीला परत द्यायचा, गिरिपुष्पाचा कोवळा पाला चिखलात दाबायचा. खुणेच्या दोरीवर १५ आणि २५ सेंमीचं आलटून-पालटून अंतर ठेवून, जागी दोन-तीन रोपं (म्हणजे एक चूड) लावायची. मग दर चार चुडांच्या चौकटीच्या मध्यभागी युरिया-डीएपीची एक ब्रिकेट गोळी, चिखलात सात ते दहा सेंमी खोल, लावणीच्याच दिवशी. गुंठ्याला साधारण ६२५ गोळ्या होतात. ती गोळी खोचायचं काम आमच्या नोकरदार सभासदांचं आणि त्यांच्या मुलांचं. खत पाण्याबरोबर वाहून जात नाही हे मुलांना समजावून सांगावं लागत नाही. गोळी त्यांनी स्वतः पुरलेली असते, आणि वरून पाणी एका खाचरातून दुसऱ्यात उतरताना ती बघत असतात.

काढणीला दोन्ही खाचरांतून एकेक गुंठा वेगळा कापून, झोडून, वजन करून वहीत लिहितो. यात एक जुना धडा आहे. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात गणित शिकवणाऱ्या श्री. अ. दाभोळकरांनी प्रयोग परिवार उभा केला. शेतकऱ्याने स्वतःच्या शेतात मोजावं, लिहावं आणि दुसऱ्या शेतकऱ्याला ते जसंच्या तसं सांगावं, ही त्यांची रीत होती. आमच्या व्हॉट्सअॅपवर तोच नियम आहे. स्वतःच्या रानातलं असेल तेच टाकायचं. कुठून तरी आलेले चमत्कारिक खतांचे व्हिडिओ टाकायचे नाहीत.

आणि मला सगळ्यात जवळचा उपक्रम रायवळ आंब्यांचा. आमच्या खोऱ्यात जुनी रायवळ झाडं होती. शेंदऱ्या, खोबऱ्या, लोणच्याची आंबट, अशी प्रत्येकाला नावं. रस्ता रुंद झाला, प्लॉट पडले, झाडं गेली. एक झाड गेलं की ती चव संपते, कारण कोय लावून तेच झाड येत नाही. मे महिन्यात आम्ही जुन्या माणसांना बरोबर घेऊन झाडाझाडाखाली फिरतो, फळं चाखतो, कुठलं झाड राखायचं ते ठरवतो, मालकाला विचारतो. त्याच आठवड्यांत कोयी गोळा करायच्या. आंब्याची कोय फार दिवस जिवंत राहत नाही, महिनाभरात तिचा जोर संपतो, म्हणून लगेच वाफ्यात लावायच्या. रोप वर येऊन पानं तांबूस असतात तेव्हा, साधारण दोन-तीन आठवड्यांचं असताना, कोय कलम करायचं. निवडलेल्या झाडाची तीन-चार महिन्यांची काडी, आठ-दहा दिवस आधी पानं कापून डोळा फुगवलेली. रोपाच्या जाडीशी जुळणारी हवी. रोप कापून मधोमध चिरायचं, काडीला पाचरीसारखा चार-पाच सेंमीचा तिरका छेद द्यायचा, बसवायची, प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची.

हे आम्हाला शिकवलं ते कुठल्या पदवीधराने नाही. दापोलीकडच्या रोपवाटिकेत हंगामभर कलमं बांधून गावी आलेल्या आमच्याच खोऱ्यातल्या माणसाने शिकवलं. त्यांना आम्ही मानधन देतो, पाहुण्या वक्त्याला देतो तेवढंच. याबाबत मी आग्रही आहे. शहरातून आलेल्याला प्रवासखर्च आणि नारळ, आणि गावातल्याला नुसतं 'आभार', हे चालणार नाही. पहिल्या वर्षी बरीच कलमं मरतात, मरू द्या. जगलेली पुढच्या पावसात वाटली जातात आणि प्रत्येकावर ज्या झाडाची काडी त्या झाडाचं नाव लिहिलेलं असतं.

हिवाळ्यात जाळपट्टे काढणं हे काम टाळू नका. डोंगरउतारावर तुमची कलमं असतील तर वणवा हाच मोठा शत्रू. गवत पिवळं पडलं की, जानेवारीत, हद्दीच्या कडेने दहा-बारा फुटांची पट्टी गवत कापून स्वच्छ करायची. कापलेलं गवत गुरंवाल्यांना. वनखात्याच्या हद्दीला लागून काम असेल तर वनरक्षकांना आधी सांगा, आणि पट्टी पेटवून काढायचा मोह धरू नका. वनहद्दीत आग लावणं १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे, आणि वारा फिरला तर हाताबाहेर जातं. एकट्याने स्वतःपुरता पट्टा काढून काही होत नाही. शेजाऱ्याच्या रानातून आग येतेच. सलग पट्टा हवा, म्हणजे सगळे शेजारी हवेत.

बाकी बियाणं देवघेव अक्षय्य तृतीयेला, जेवण आपापल्या डब्यातलं. एक सहल नेरळला, सगुणा राईस तंत्राचे गादीवाफे बघायला. नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. आमच्यातले एक जण ते करतात. त्यात तणनाशक येतं म्हणून काहींना ते पटत नाही, आणि ती चर्चा आमच्याकडे अजून चालू आहे. अवजारांचं पुढे कधी विचारलंत तर लिहीन.

---

नवखाचर (भोर)

ताई, एवढं सविस्तर लिहिलंत, खूप आभारी आहे. लशीच्या बाटलीचा हिशेब तर आमच्या कुणाच्या डोक्यातच आला नव्हता. आमच्या दोन वाड्या मिळून पक्षी शंभरच्या पुढे नक्की जातील.

दोन शंका. एक, सावड म्हणता, पण आमच्यातल्या बऱ्याच जणांकडे भातच नाही, नुसती आंब्या-काजूची झाडं आहेत. त्यांनी कुणाच्या खाचरात राबायचं आणि बदल्यात त्यांना काय? दुसरं, गावात कायम राहणारी जी दोन घरं आमच्या गटात आहेत ती बैठकीला येतात, पण बोलत नाहीत. आम्ही बोलतो, ते ऐकतात. हे मला बरं वाटत नाही.

अवजारांचंही लिहाच. ग्रासकटर आणि पॉवर विडर सामाईक घ्यायचा विचार आहे.

---

तोरण्याचा पायथा (राजगड तालुका)

मी जन्मापासून शेतकरी. तुमच्या दुसऱ्या शंकेवर बोलतो, कारण मी त्या न बोलणाऱ्या माणसाच्या जागी बसलेलो आहे.

आमच्याकडं खाचरं उतरंडीनं असतात. वरच्या खाचराचं तोंड फोडलं की पाणी खालच्यात, खालच्यातनं त्याच्या खाली. पाच-सहा घरांचं भात एका पाण्यावर. वरचं खाचर विकलं गेलं, घेणाऱ्यानं जेसीबी लावून सपाट केलं, कडेनं चर काढून पाणी ओढ्याला सोडलं. त्यांचा काही वाईट हेतू नव्हता, त्यांना घराभोवती पाणी साचू द्यायचं नव्हतं. पण खालची खाचरं त्या वर्षी लावणीला सुकी राहिली. दुसरीकडं तारेचं कुंपण पडलं आणि बैलगाडीची वाट बंद झाली. आता मळणी डोक्यावरनं न्यायची. भात निघाल्यावर गुरं मोकळी सुटायची सगळ्या शिवारात, तेही बंद. याबद्दल कुणी विचारलं नाही, आणि बैठकीत विषय निघतो गांडूळखताचा. मग आम्ही काय बोलणार?

तुम्ही वाईट माणसं नाही. गावात परत येताय याचा आम्हाला आनंदच आहे, शाळेचे वर्ग ओस पडलेत. पण तुमच्या गटाचा पहिला उपक्रम शिवारफेरी ठेवा. गावातली दोन म्हातारी माणसं पुढं, तुम्ही मागं. पाणी कुठनं येतं, कुणाच्या तोंडानं कुठं जातं, वाट कुठली, गुरं कुठनं जातात, देवाची जागा कुठली, हे पायानं बघा. ते झालं की आम्ही बोलू. आणि आम्हाला सावडीला बोलवा, मजुरीला नको. मजुरीला यायला आम्ही ना म्हणत नाही, पण मजूर म्हणून आलेला माणूस गटाचा सभासद होत नसतो.

---

मावळतीचं खाचर (मुळशी)

भाऊ, तुमच्या शब्दाशब्दाशी सहमत आहे. नवखाचर, यांचं लिहिणं छापून तुमच्या पुढच्या बैठकीत वाचा. आमच्या खोऱ्यातही कुंपणाचा वाद होता. शिवारफेरीनंतर तीन कुंपणांत फाटकं बसली आणि एका ठिकाणी बंद केलेलं खाचराचं तोंड परत उघडलं गेलं. ते कुणी कागदावर भांडून मिळवलं नाही. ज्यांची तार होती ते स्वतः त्या दिवशी वाट अडलेली बघत उभे होते. फेरी मेच्या शेवटी घ्या, एक वळवाचा पाऊस झाल्यावर जमलं तर फारच चांगलं. पाण्याच्या वाटा ओल्या दिसतात. शाळेतल्या मोठ्या मुलांना नकाशा काढायला बरोबर घ्या.

तुमची पहिली शंका. सावड कामाला काम अशीच असली पाहिजे, पण तेच काम असं नाही. ज्यांच्याकडे भात नाही त्यांनी जुलैत तुमच्या खाचरात जुड्या वाहिल्या तर जानेवारीत त्यांच्या आंब्याभोवतीचा जाळपट्टा तुम्ही काढायचा. आम्ही एका वहीत फक्त अर्धे दिवस लिहितो. कुणी कुणाकडे किती, एवढंच. पैशात रूपांतर करत नाही. वर्षाअखेरीला वही सगळ्यांसमोर वाचतो, आणि ज्याच्याकडे देणं राहिलं त्याने पुढच्या पावसात फेडायचं. आजारी, म्हाताऱ्या माणसांकडे देणं धरत नाही. त्या घरच्यांनी लावणीच्या दिवशी जेवण केलं तर तेही काम म्हणून लिहितो. नाचणीची भाकरी, सुकटाची चटणी, जमलं तर खेकड्यांचं कालवण. तीस माणसांचा स्वयंपाक हे लावणीपेक्षा हलकं काम नाही, आणि ते वहीत आलं पाहिजे हा मुद्दा गटातल्या बायकांनी लावून धरला. बरोबर केलं त्यांनी.

अवजारांबद्दल. एकदम दोन यंत्रं घेऊ नका. ग्रासकटर आधी घ्या. गवत सगळ्यांकडे असतं, पॉवर विडर दोन-चार जणांनाच लागेल. टू-स्ट्रोक इंजिन असेल तर पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल कंपनीने सांगितलेल्या प्रमाणातच, आणि ते मिसळायचं काम एकाच माणसाकडे. साधं पेट्रोल भरून चालवलं की इंजिन जाम होतं आणि मग कुणी भरलं यावर गट फुटतो. यंत्र नेणाऱ्याने धुऊन, पातं तपासून परत आणायचं, तास लिहायचे. तासामागे थोडी रक्कम दुरुस्तीच्या डब्यात. डोळ्यांचा चष्मा आणि गमबूट यंत्राबरोबरच द्या, त्याशिवाय यंत्र बाहेर काढायचं नाही, मालक कितीही अनुभवी असो. हातअवजारं मात्र भरपूर घ्या. वैभव (दातेरी) विळे, खुणेच्या दोऱ्या, ताडपत्र्या, वजनकाटा. ताडपत्री काढणीला सगळ्यात जास्त मागितली जाते, परतीचा पाऊस आला की.

नोंदणीची घाई नको. संस्था नोंदणी कायद्याखाली सात माणसांत संस्था होते, पण मग दर वर्षी हिशेब, तपासणी, बदल-अर्ज हे सगळं आलं. दहा-बारा जणांची ताकद त्यातच जाते. वाफसा यांनी सांगितलेली आत्माकडची गटनोंद तुम्हाला सध्या पुरेल. अनुदानातून मोठं यंत्र घ्यायचं ठरलं तर तेव्हा बघा. वर्गणी एवढीच ठेवा की तुमच्यातलं सगळ्यात गरीब घर विचार न करता देईल.

एक राहिलं. जूनच्या आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन सर्पदंशाची माहिती घ्या, सगळ्यांनी मिळून. सर्पविषावरचं प्रतिविष तिथे आहे का, नसेल तर जवळ कुठे आहे, रात्री गाडी कुणाची, ड्रायव्हर कोण, हे लिहून प्रत्येक घरात लावा. घोणस भाताच्या पेंढ्यात बसते, मण्यार रात्री घरात येते. दंश झालेला हातपाय हलू द्यायचा नाही, आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही, वेळ लक्षात ठेवायची आणि थेट दवाखाना. शनिवार-रविवार येणाऱ्या माणसाला रात्री दोन वाजता कुणाचं दार वाजवायचं हेच माहीत नसतं. गट असण्याचं हे एक कारणसुद्धा पुरेसं आहे.

---

सातेरी (महाबळेश्वर)

थोडी भर. तुमच्या गटात आंबा-काजूवाले आहेत तर सातेरी मधमाश्यांच्या दोन-तीन पेट्या सामाईक ठेवा. जास्त पावसाच्या सह्याद्रीत परदेशी मेलिफेरापेक्षा सातेरी बरी. जवळच महाबळेश्वरात मध संचालनालय आहे, पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, दोन्हीकडे प्रशिक्षण मिळतं. सहल काढायची असेल तर महाबळेश्वरजवळच्या मांघरला या, २०२२ साली ते मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. पेट्या तपासायला दर आठ-दहा दिवसांनी कुणीतरी लागतं, म्हणून त्या कायम गावात राहणाऱ्या घरी ठेवा आणि मधात त्या घराचा वाटा मोठा धरा. फवारणी असेल तर आदल्या दिवशी त्या घराला फोन. फुलोऱ्यात फवारूच नका.

---

नवखाचर (भोर)

काल आम्ही सात जण जमलो. तोरण्याच्या पायथ्याच्या भाऊंचं लिहिणं वाचून दाखवलं. आमच्याकडचे एक काका, जे आजवर गप्प असायचे, ते म्हणाले की वरच्या आळीतल्या ओढ्याला घातलेली नवी मोरी अरुंद आहे, पाणी फुगून बांध फुटतो, पण सांगायचं कुणाला. त्यांच्याच मागे शिवारफेरी करायचं ठरलं, मेच्या शेवटच्या रविवारी.

कोंबड्या मोजल्या, १३४ भरल्या. पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून येतो. पण आमच्या पिल्लांची वयं सगळी वेगवेगळी आहेत. काही आठवड्याची, काही तीन महिन्यांची. मग या वेळी काय करायचं?

---

मावळतीचं खाचर (मुळशी)

डॉक्टरांना वयवार यादी दाखवा, कुणाला थेंब आणि कुणाला टोचायचं ते तेच सांगतील. दोन आठवड्यांच्या आतली आणि दोन महिन्यांवरची अशा दोन याद्या वेगळ्या करून न्या, मधल्या वयाची तिसरी. आजारी, मरगळलेल्या पक्ष्यांना टोचायचं नाही, ते आधी वेगळे काढा. पुढच्या खेपेसाठी खुडूक कोंबड्या आताच लिहून ठेवा. आषाढात अंड्यांवर बसवू नका, ओल्यात पिल्लं मरतात. गणपतीनंतर, पाऊस ओसरला की एकाच आठवड्यात बसवा, म्हणजे दिवाळीच्या आसपास सगळ्यांचा पहिला थेंब एकाच पहाटे होईल. आणि १३४ पक्षी ज्या घरांचे आहेत त्या सगळ्या घरांची नावं सभासदांच्या यादीत घाला, वर्गणी आली असो वा नसो.